कितव्या पानावर?

नारीन ते कोचकोर, दिवसाला एक फेरी.
माझी गाडी सोळा जणांची, बसतात बावीस,
त्या बाविसात कधी एखादी मेंढी.
सारी-बुलाकच्या वळणावर बेगायिम चढते,
अकराची असेल, दोन वेण्या, एक कायम सुटलेली.
माझ्या शेजारची सीट तिची.
हे कुणी ठरवलं, मला विचारू नका.

ती वाचत असते.
खड्ड्यातून गाडी उसळते, तिचं बोट ओळीवरून हलत नाही.
मधेच हसते. मधेच श्वास रोखते,
इतका वेळ, की माझा पाय ब्रेकवर जातो,
पुढे काही आहे की काय.

एक दिवस उतरताना तिनं पुस्तक
डॅशबोर्डवर ठेवलं, सूर्यफुलाच्या बियांच्या पुडीशेजारी.
"बाइके, हे तुमच्यासाठी.
पहिली वीस पानं कंटाळवाणी आहेत, ती सोसा.
मग बघा."
मी म्हटलं, अगं, मी शाळा सोडली
तेव्हाच पुस्तकांनी मला सोडलं.
दुसऱ्या दिवशी, पैसे देण्याआधी:
"कितव्या पानावर?"

मी म्हणायचो, चाळीस. मी म्हणायचो, साठ.
एकदा म्हटलं, फार छान आहे हो,
तो कुत्रा मरतो तिथे तर पाणीच आलं डोळ्यांत.
ती बघत राहिली,
पंक्चरवाला ट्यूबकडे बघतो तशी.
"बाइके, त्यात कुत्रा नाही."

पुढचा आठवडा ती मागे बसली.
मेंढीजवळ.

मग फेब्रुवारीतली ती रात्र. दोलोनच्या घाटात ट्रक आडवा,
पुढे-मागे गाड्यांची रांग, बर्फ थांबेना.
प्रवासी एकमेकांच्या खांद्यांवर झोपले.
रेडिओवर नुसती खरखर. बिया संपल्या.
हाताला काहीतरी हवं, म्हणून.

वीस पानं सोसली. खरंच कंटाळवाणी.
एकविसाव्यावर एका बेटावर दिवा विझतो,
आणि तो लावणारी बाई जिना चढता चढता
पायऱ्या मोजायची विसरते.

मी समुद्र पाहिलेला नाही. बेगायिमनंही नाही.
आमच्या देशाला समुद्राची कडच नाही.
पण काचेबाहेर ते पांढरं हेलकावत होतं,
टपाला एक पिवळा बल्ब,
आणि मी वर, त्या जिन्यात.

रस्ता मोकळा झाला तेव्हा भोंगे, शिव्या.
कुणीतरी काच ठोठावली, "मेलास की काय?"
मी म्हटलं, थांब. एवढं पान संपू दे.

दुसऱ्या दिवशी गाडी धुतली नाही, चहा उभ्यानं घेतला,
वळणावर सात मिनिटं आधी हजर.
ती नव्हती. तिची आई उभी. गोवर, म्हणाली.

आता हे सगळं घेऊन मी कुठे जाऊ?
शेजारी जुमाबेक, लोकरीचे गठ्ठे मांडीवर.
म्हटलं, "समजा, एक दिवा आहे."
तो म्हणाला, "बरं."
कोचकोर आलं, सगळे उतरले, तो उतरेना.
"पुढे?"

तेव्हा कळलं, ती पोर किती सोसत असेल,
सगळं ठाऊक असून
ओठ दातांखाली धरून बसायचं, रोज, माझ्या शेजारी.
मी पुस्तक त्याच्या गठ्ठ्यात खुपसलं.

अकरा दिवसांनी ती आली, गालांवर पुसट डाग,
गळ्याशी दोन मफलर. पुढच्या सीटवर.
मी बोलत सुटलो: जिना, ती बाई, ती न पोचलेली पत्रं,
दोनदा गिअर चुकला.
ती ऐकत होती, मान डोलवत,
जणू समुद्र तिच्याच परसात आहे.
मग म्हणाली, "पुस्तक?"
मी सांगितलं.
"बाइके, ते वाचनालयाचं होतं."

तिनं वही काढली.
"जुमाबेक, लोकरवाला", रेघ मारून लिहून घेतलं,
माझ्या नावाखाली. वर आणखी सहा नावं होती.
दंड कुणी भरायचा, यावर कोचकोर येईपर्यंत वाद.

उतरताना डॅशबोर्डवर नवं ठेवून गेली,
आधीच्यापेक्षा जाड.
दार लावता लावता म्हणाली,
"ह्यात कुत्रा आहे."